काचेतली बुरशी

घाटाखालच्या एका गावात त्र्यंबक नावाचा घड्याळजी राहत होता. बारीक वस्तू न्याहाळायची त्याला भारी हौस. जुन्या बाजारात त्याला एक पितळी सूक्ष्मदर्शक मिळाला. त्याच्यासोबत काचेच्या पट्ट्या होत्या आणि झाडाच्या दाट चिकाची बाटली. कांद्याचा पापुद्रा, फुलातले पराग, पाखराच्या पंखावरची धूळ असं काहीबाही तो पट्टीवर ठेवी, वर चिकाचा थेंब सोडी आणि हवेचा बुडबुडा राहू न देता पातळ काच बसवी. ते पाहायला गाव लोटे. त्र्यंबक सांगेल ते खरं, असं लोकांनी धरूनच ठेवलं होतं.

पावसाळ्यात एकदा त्याने दह्याचा थेंब पाहिला. दही द्वारका गवळणीकडचं होतं; सारा गाव तिच्याकडूनच दही घेई. त्र्यंबकला त्यात काळे, फांद्या फुटलेले तंतू दिसले. "बुरशी आहे," तो जमलेल्यांना म्हणाला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट घरोघर पोचली. दुसऱ्या दिवसापासून द्वारकेची मडकी भरलेलीच परत जाऊ लागली.

पुढे एका दुपारी त्र्यंबकने पतंगाचा पंख काचेखाली धरला, तर त्यावरही तेच तंतू. त्याने कोरी पट्टी ठेवली. तंतू तिथेच. त्याने डोळ्याकडची नळी हलकेच फिरवली, तसे तंतूही गोल फिरले. बुरशी दह्यात नव्हती. ओल्या हवेने ती त्याच्याच नळीतल्या काचेवर धरली होती.

त्याने काच स्पिरिटने पुसायला घेतली. आता दही पुन्हा पाहून, ते सुधारलं असं सांगितलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. त्र्यंबकच्या मनात हे आलं, आणि बराच वेळ रेंगाळलंही. शेवटी तो उठला आणि द्वारकेच्या गोठ्यावर गेला.

त्याने सगळं सांगितलं. द्वारका धार काढता काढता ऐकत राहिली. मग तिने सांगितलं की तिने मडकी राखेने घासून उकळली होती आणि विरजण उकिरड्यावर ओतलं होतं. माहेराहून आईने दिलेलं विरजण होतं ते. लग्नापासून एक दिवस खंड पडू दिला नव्हता.

"तुमचंच चुकलं असेल, असं मनातसुद्धा आलं नाही, दादा," ती म्हणाली.

त्र्यंबकला त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शक काखेत मारून तो दारोदार फिरला. काचेची एक कड त्याने मुद्दाम न पुसता ठेवली होती. प्रत्येकाला तो नळी फिरवून पाहायला लावी आणि म्हणे, "दही चांगलं होतं. माझी काच खराब होती." कुणी हसलं. कुणी म्हणालं, मग आजवर दाखवलंस त्यातलं खरं किती? तो पुढच्या दाराकडे वळला.

विणकराच्या घरी सुनेने त्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं, आत गेली आणि दह्याचा झाकलेला मातीचा सट घेऊन आली. "आम्ही टाकलं नव्हतं," ती ओशाळून म्हणाली. "मामंजींना दुसरं दही चालत नाही. द्वारकाकाकूंच्या दह्याचंच विरजण लावत राहिले. लोक नावं ठेवतील म्हणून लपवून."

त्र्यंबकने सूक्ष्मदर्शक तिच्याच ओसरीवर ठेवला. वाटीभर दही दोन्ही हातांत धरून, ठेच लागू न देता तो गोठ्यापर्यंत चालत गेला.

द्वारकेने बोटाने चाखलं. चव आईच्या विरजणाचीच होती. मग पदराला हात पुसून तिने चुलीवर दूध कोमट करायला ठेवलं. ती त्याला बसा म्हणाली नाही. पण जा, असंही म्हणाली नाही.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्यात डाग दिसला की आधी आपली काच तपासावी, आणि चूक आपली निघाली, तर ती जिथवर पोचली तिथवर ती निस्तरायला आपणच चालत जावं.