दाराच्या जागी उभी राहिलेली गाय

नेब्रास्काच्या मोकळ्या माळावर नॉयवेस्टर नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथल्या घरांची पुढची दारे खिळ्यांनी पक्की केलेली नाहीत. ती लोखंडी खुंट्यांवर नुसती अडकवलेली असतात. दोन्ही हातांनी वर उचलली की सुटून येतात. पाहुण्यांना याचे नवल वाटते. मग गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या एल्का आजी त्यांना चर्चच्या ओट्यावर बसवतात आणि आपल्या पूर्वजांची हकिकत सांगतात.

दीडशे वर्षांपूर्वी उत्तर जर्मनीतून एक कुटुंब इथे आले. म्हातारा गेर्ड, त्याची बायको गेसिना, मुलगा हार्म आणि सून मेटा. सामान थोडेच होते, पण गेर्डने आपल्या घराचे ओक लाकडाचे दार उपटून बरोबर घेतले होते. त्यांच्याकडे लग्न झाले की नवरानवरीची नावे दारावर कोरत. ती नावे परक्याच्या हाती सोडायला तो तयार नव्हता.

जहाजावर तापाची साथ आली. मेलेल्यांना पोत्यात शिवून समुद्रात सोडताना गेर्डने पाहिले आणि बायकोचा हात घट्ट धरला. “गेसिना, मला असं पोत्यात टाकू नकोस.” तिने शपथ घेतली, “ओकच्या लाकडातच ठेवीन.”

इथे येऊन पाहतात तो काय, नजर पोचेल तिथवर गवत! झाड औषधालाही नाही. लोक गवताच्या मुळांसकट मातीच्या विटा कापून घरे रचत. तशाच एका मातीच्या घराला गेर्डने ते रुंद दार बसवले. शेजारीण आंत्ये पोट धरून हसली. “राजवाड्याचं दार आणलंत, राजवाडा मागनं येतोय का?”

दुसऱ्या वर्षी ऐन थंडीत गेर्ड वारला. हार्म पीठ आणायला दोन दिवसांच्या वाटेवर गेला होता. घरात दोघी बायका आणि मेटाची तीन आठवड्यांची लेक, ताल्का. सकाळी मेटा ओढ्यावरून बादली भरून परतली आणि जागच्या जागी थिजली. घराला दार नव्हते. दार अंगणात आडवे पडले होते आणि सासू त्यावर करवत चालवत होती.

बादली मेटाच्या हातून गळून पडली.

“आई! अहो, हे काय केलंत?”

“यांची पेटी करतेय.”

“आत लेकरू आहे! उघड्या घरात मरेल ते!”

“मी शपथ घेतलीय, मेटा.” गेसिनाने मान वर केली नाही. करवत गेर्डच्या कोरलेल्या नावावरून गेली, मग तिच्या स्वतःच्या.

मेटाने करवत ओढायला हात घातला, पण उशीर झाला होता. दाराचे दोन तुकडे झाले होते. ती ताल्काला पोटाशी धरून चुलीजवळ बसली. तिला रडूही येईना. माणूस मेलेल्यासाठी जिवंताला उघड्यावर टाकतो, हे तिला खरेच वाटत नव्हते, असे सांगतात.

दुपारपर्यंत पेटी झाली, गेर्डला तीत ठेवले. गेसिनाने दाराच्या जागी पिसांची दुलई टांगली. आणि तेवढ्यात बर्फाचे वादळ आले. आभाळ पांढरे झाले, हातभरावरचे दिसेना. पहिल्याच झोतात दुलई फाटून पिसे घरभर उडाली. पाठोपाठ बर्फ आत शिरला. चूल विझली. ताल्का रडायची थांबली आणि तिचे ओठ निळे पडले.

तेव्हा कुठे गेसिना भानावर आली. तिने कमरेला दोरी बांधली, दोरीचे टोक मेटाच्या हाती दिले आणि ती पांढऱ्यात नाहीशी झाली. परतली ती गोठ्यातली तांबडी गाय घेऊन. त्यांच्या मुलखात गुरे आणि माणसे एकाच छपराखाली राहत. थंडीत गुरांची ऊब म्हणजे दुसरी चूलच. गेसिनाने गाईला आत घेतलेच नाही. दाराच्या रुंद जागेत तिला आडवी उभी केली, शिंगे पलंगाला बांधली आणि फटींत दुलईच्या चिंध्या कोंबल्या.

गाय हलली नाही म्हणे. तिची एक कूस वादळाकडे, एक घराकडे. घराकडच्या कुशीला ताल्काला टेकवून दोघी बसल्या. हळूहळू पोरीच्या ओठांवर रंग आला.

सकाळी वारा पडला. मेटाने गाईच्या पोटावर हात ठेवला आणि किंचाळली. ते दगडासारखे गार होते. गाय उभीच होती, डोळे उघडे होते, बाहेरची कूस बर्फाने मढली होती. रात्रीतून ती कधी मेली हे कुणालाच कळले नव्हते. मेल्यावरही तिने जागा सोडली नव्हती.

मेटा त्यानंतर सासूशी कामापुरतेच बोलली, अकरा वर्षे. पोर सासूनेच मरणाच्या दारात नेली आणि सासूनेच परत आणली, काय बोलणार?

मग गेसिना गेली. तोवर आगगाडी आली होती, हवे तेवढे लाकूड मिळत होते. हार्मने तयार पेटी आणली. आणि पाहतो तर मेटा घराचे नवे दार खुंट्यांवरून उचलत होती.

“अगं, पेटी आलीय की! दार कशाला काढतेस?”

“पेटीसाठी नाही काढत,” मेटा म्हणाली. तिने दार भिंतीला टेकवले, मोकळ्या जागेत हात पसरून वाऱ्याकडे पाठ केली आणि आत सासूकडे तोंड करून उभी राहिली. एकटीच. अंत्ययात्रेला आलेले लोक पाहत राहिले. बऱ्याच वेळाने म्हातारी आंत्ये पुढे झाली. आज ती हसत नव्हती.

“सर गं बाजूला, गारठलीस. आता मी.”

आजही नॉयवेस्टरमध्ये कुणी गेले की घराचे दार उतरवतात आणि पुरून परत येईपर्यंत शेजारी पाळीपाळीने त्या जागेत उभे राहतात, वाऱ्याकडे पाठ करून. पहिली पाळी मात्र त्याची, ज्याचे मेलेल्याशी पटत नव्हते.