घोडतळला बाप जोड्यांपाशी का बसतो

चूक महताबसिंगची होती. म्हातारे सांगताना 'काळच तसा होता' म्हणून त्याला सोडवू बघतात; पण लेकीच्या मानेवर हात काळानं ठेवला नव्हता.

नांदेडच्या खाली, गोदावरीच्या काठाला घोडतळ म्हणून शिखांची जुनी वस्ती आहे. तिथल्या गुरुद्वाऱ्यात लग्न असलं की नवरीचा बाप दाराशी, जोडे काढतात तिथं जाऊन बसतो. पाहुणे पुढं बोलावतात, तो हलत नाही.

असं सांगतात, की निजामाच्या वेळी महताबसिंग इथल्या घोडदळात जमादार होता. बायको लवकर गेलेली, एकुलती लेक बिशनकौर. तिचा जीव उत्तमसिंगवर. तो पंजाबात घोडे आणायला गेला होता, परत आलो की मागणी घालतो म्हणून सांगून. ती घाटावर जायची आणि घागर भरली तरी पलीकडच्या वाटेकडं बघत उभी राहायची. बाया चिडवायच्या, "बिशने, घागर वाहून चालली की गं." बापाला हे दिसत होतं. पण मरणाऱ्या दोस्ताला तो बोलून बसला होता, तुझा हिरासिंग माझा जावई. शब्द स्वतः दिला आणि पाळायला लेकीला लावलं.

लग्नाच्या दिवशी गुरू ग्रंथसाहिबांसमोर अरदास, म्हणजे उभ्यानं करायची प्रार्थना, झाली. त्यानंतर नवरा-नवरीनं माथा टेकायचा. टेकला म्हणजे होकार दिला. हिरासिंगनं टेकला. बिशनकौर ताठ बसून राहिली. जमलेल्या संगतीत कुजबूज सुरू झाली तसा महताबसिंग पुढं सरकला. तो वाकला, तिच्या मानेवर हात ठेवला आणि दाबला. ग्रंथपाठ करणाऱ्या ग्रंथींनी पाहिलं, पंचांनी पाहिलं. सगळ्यांनी 'वाहेगुरू' म्हणत डोळे मिटून घेतले. मग त्याच हातानं बापानं नवऱ्याचा पल्ला, त्याच्या खांद्यावरच्या उपरण्याचं टोक, तिच्या हातात दिला. चार लावां, म्हणजे ग्रंथसाहिबांभोवतीचे फेरे, ती तो पल्ला धरून चालली. नजर जमिनीवरून उचलली नाही.

पावसाळा सरल्यावर उत्तमसिंग आला म्हणे. घोडे तबेल्यात बांधले आणि पाणीही न पिता माघारी गेला.

हिरासिंग भला माणूस. त्यानं तिला नदीपलीकडं नीट सांभाळलं. पण ती माहेरी आली नाही. बापानं सणासुदीला माणसं धाडली, बैलगाडी धाडली. शेवटी नावाड्याबरोबर निरोप आला: "बापूजी, मान अजून तुमच्या हाताखालीच आहे. सुटली की येईन."

तेव्हापासून कुणाचंही लग्न असो, महताबसिंग आधी जाऊन नवरीच्या बापाचा दंड धरायचा आणि त्याला जोड्यांपाशी स्वतःशेजारी बसवायचा. म्हणायचा, "ती आपणहून वाकू दे. नाही वाकली तर घरी घेऊन जा." एकदा एक पोरगी खरंच वाकली नाही. वरात परत गेली. पंचांनी महताबसिंगला नाही नाही ते ऐकवलं. तो तिथंच बसून राहिला. संध्याकाळी घाटावर गेला आणि नाव लागेपर्यंत पलीकडं बघत थांबला. नावेत नावाडी एकटाच होता.

आजही घोडतळला अरदासीनंतर ग्रंथी गप्प उभे राहतात. नवरीनं आपणहून माथा टेकला, की मगच बापाला पल्ला द्यायला पुढं बोलावतात. बिशनकौरच्या पोरींची लग्नंही याच रिवाजानं झाली, पण पलीकडं, महताबसिंगला आवतण न देता.

महताबसिंगच्या चितेला पुतण्यानं अग्नी दिला. लेक आली नाही.