शिळेचा भार

बालाघाटाच्या कुशीत, दोन टेकड्यांच्या मधल्या उतारावर आंबेजळ नावाचे लहानसे गाव आहे. गावाबाहेर महादेवाचे दगडी देऊळ आणि त्यापुढे जुना बेल. त्या बेलाखाली केशवगिरी महाराज येऊन राहिले, ते नेमके दुष्काळाच्या साली. अंगावर एक छाटी, हातात कमंडलू, एवढाच त्यांचा संसार. कोणी भाकरी दिली तर खात, नाही दिली तर तितक्याच आनंदाने बसून राहत.

विहिरी खोदणारा तुळाजी आणि त्याची बायको ठकूबाई पोटामागे फिरत फिरत त्याच गावी आली होती. पटकीच्या साथीत ठकूबाईची दोन्ही लेकरे गेली. तेव्हापासून तिला झोप नव्हती. एकदा ती देवळाच्या पायरीशी रडत बसली असता महाराज म्हणाले, "माय, रडणे आवरू नकोस. पण रडता रडता महादेवाला हाक मारत जा."

"मला मंत्र येत न्हाई, महाराज."

"नमः शिवाय म्हण."

तिच्या तोंडी ते 'नमशिवा' असे आले. महाराज हसले आणि म्हणाले, "पोचले!"

मग तिचा नेमच झाला. लांबच्या झऱ्यावरून पाणी आणायचे, त्यातले तांब्याभर पिंडीवर घालायचे आणि नाव घेत बसायचे. दुःख काही पळून गेले नाही, पण त्याच्यासोबत जगता येऊ लागले. कितीतरी दिवसांनी तिला शांत झोप लागली.

गावचे दौलतराव देशमुख यांना हे बघवत नसे. तुळाजी त्यांचीच विहीर खोदत होता. एकदा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "ठकू, माणसांना प्यायला पाणी नाही आणि तू दगडावर ओततेस? आधी नाव तरी धड घ्यायला शीक! आणि या गोसाव्याला विचार, तुझी लेकरं गेली तेव्हा कुठे होता याचा महादेव?"

लोक हसले. ठकूबाईच्या काळजाला घरे पडली. तिने महाराजांकडे पाहिले. ते रागावले नाहीत. "खरे विचारलेत, दौलतराव," एवढेच म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुढे एका सकाळी विहिरीला पाणी लागल्याची आरोळी उठली. गाव धावले. देशमुखांचा एकुलता एक मुलगा विश्वासराव, तरुण आणि उत्साही, झरा पाहायला दोराने खाली उतरला. तुळाजी तळाशी होताच. तेवढ्यात मोठा धडाका झाला आणि विहिरीची एक बाजू वरपासून ढासळली. धूळ खाली बसली तेव्हा तळ दिसेना. दिसत होते ते फक्त दगड, आणि त्यांच्या फटींतून ऐकू येणारा पाण्याचा खळखळाट.

"विश्वास! अरे विश्वास!" दौलतरावांनी हाका मारल्या. उत्तर आले नाही. माणसे दोर बांधून उतरली, एकेक दगड वर काढू लागली. वर आलेला एक जाणता हळूच म्हणाला, "मधी लई मोठी शिळा हाय. ती खाली बसली आसंल, तर काय उरलं आसंल?"

ठकूबाई गर्दीतून वाट काढत पुढे झाली. ती काठावर कोसळली. तोच खांद्यावर कोणीतरी हात ठेवला. महाराज होते. ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"नाव घे, माय."

"तोंडातनं शबुद फुटत न्हाई, बापा."

"फुटेल. घे."

तिने हुंदक्यांतच सुरुवात केली. "नमशिवा, नमशिवा..." हळूहळू आवाज स्थिर झाला. मनातला कल्लोळ निवत गेला. माझा माणूस तुझ्या हातात आहे, तू ठेव नाहीतर ने, पण त्याला एकटा सोडू नको, एवढेच मागणे उरले. तेव्हा तिच्या लक्षात आले, की एरवी ताठ बसणारे महाराज आज कमरेत पार वाकले आहेत. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या आहेत. मध्येच तिला रडू कोसळले आणि नाव थांबले, तसे ते कण्हल्यासारखे म्हणाले, "थांबू नकोस, माय. जड होते."

तिला अर्थ कळला नाही, पण ती पुन्हा थांबली नाही.

उन्हे कलली. दौलतरावांचा आवाज हाका मारून बसला होता. पागोटे कुठे पडले त्याचेही भान नव्हते. ते अडखळत आले आणि त्या मजूर बाईशेजारी मातीत बसले.

"ठकू, कसं म्हणतेस ते? मला सांग. मला काही सुचत नाही."

"आसंच म्हना, मालक. नमशिवा."

"नमशिवा," दौलतराव म्हणाले. जसे तिने सांगितले तसेच म्हणाले! एकामागून एक सारा गाव म्हणू लागला. महाराजांनी दीर्घ श्वास घेतला आणि ते पुटपुटले, "आता हलके झाले."

इतक्यात विहिरीतून ओरड आली, "जित्ती हायेत! दोघं बी जित्ती हायेत!"

तुळाजी आणि विश्वासराव गळ्याइतक्या पाण्यातून वर आले. खरचटण्यापलीकडे इजा नव्हती. विश्वासराव बापाला बिलगून म्हणाला, "बाबा, त्यांना आधी वर घ्या! त्यांनी शिळा पाठीवर धरली होती!"

"कुणी?"

"आमच्यासोबत एक गोसावी होते. अंधारात तोंड दिसत नव्हतं, पण वाकून उभे होते. म्हणाले, भिऊ नका, वर तुमची माणसे हाक मारताहेत, तोवर हिला खाली येऊ देणार नाही."

माणसे पुन्हा उतरली. खाली कोणी नव्हते. आणि ती माणसे बाहेर पडताच शिळा गडगडत तळाला गेली! पाणी उसळून वर आले.

सगळ्यांच्या नजरा महाराजांकडे वळल्या. ते तर सकाळपासून सर्वांसमक्ष काठावरच बसून होते! ते वाकलेले अंग पाहताच विश्वासरावाला ओळख पटली. "हेच ते," एवढेच त्याच्या तोंडून निघाले. महाराज उठायला गेले आणि छाटी खांद्यावरून घसरली. दोन्ही खांद्यांवर, पाठभर दगडाचे काळेनिळे वळ उमटले होते.

दौलतराव तिथेच कोसळले. महाराजांचे पाय धरून ओक्साबोक्शी रडू लागले. "कुठे होता तुझा महादेव, असं विचारलं मी! या तोंडाने विचारलं!"

"अहो, विचारलेत ते बरेच केलेत," महाराज म्हणाले. "या माउलीची लेकरे का गेली, ते मलाही ठाऊक नाही. तिने हाक सोडली नाही, एवढे मात्र मी पाहिले."

दौलतरावांनी वळून ठकूबाईच्या पायांवर डोके ठेवले. ती संकोचाने मागे सरली. नवऱ्याचा हात घट्ट धरूनच म्हणाली, "उठा, मालक. आदी थोडी हळद गरम करून आना. महाराजांची पाठ बगा कशी सुजली हाय."

देशमुख उठले आणि अनवाणीच घराकडे धावले.