टिटवीचे पाय

आभाळ नवंकोरं होतं तेव्हाची गोष्ट. टिटव्यांनी माळावर गदारोळ मांडला, "पाय वर करून झोपा, नाहीतर आभाळ कोसळेल! ऐकणार नाही त्याचं घरटं पाडू!"

साळुंकीच्या तीन पिल्लांना तसं झोपताच येईना.

"नाटकं गं वहिनी," कावळा हसला. "कुणी बघत नसलं की पाय खाली!"

खात्री करायला साळुंकी भर दुपारी झुडपाआडून डोकावली. सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारी म्हातारी टिटवी एकटीच उताणी झोपली होती. काडीएवढे पाय वर थरथरत होते. झोपेतच ती पुटपुटली, "आभाळा, थांब रे. साळुंकीची पिल्लं लहान आहेत."

साळुंकी थक्क होऊन बघतच राहिली. नकळत तिनं वरही पाहिलं. मग घरी येऊन तिनं पिल्लं पाठीवर घेतली.

"निघालात?" कावळ्यानं विचारलं. "म्हणजे ढोंगीच ना ती?"

"ढोंगी असती तर राहिले असते, भावोजी. ती मनापासून मानते; घरटं पाडेलच."