स्वस्तिकाची चौथी भुजा

‘पण मुळात ते त्यांना सापडलं कुठं?’ माताजींनी विचारलं.

‘मातीत,’ भरतेश म्हणाला. ‘खणताना.’

‘कुणाच्या मातीत?’

भरतेशला हसू आलं. इतक्या परिषदांमधून तो बोलला होता, पण असं कुणी विचारलं नव्हतं.

‘तुर्कस्तानच्या. एक जर्मन व्यापारी ट्रॉय नावाचं पुराणकाळचं शहर शोधत होता. तिथल्या मातीच्या वस्तूंवर त्याला जागोजाग स्वस्तिक दिसलं.’

‘मग ते तिथल्या लोकांचं म्हणायचं.’

‘त्यानं तसं म्हटलं नाही. त्याच्या मते ते त्याच्या पूर्वजांचं होतं.’

‘त्याचे पूर्वज तिथं राहत होते?’

‘नाही, माताजी.’

‘असं...’ माताजी म्हणाल्या, आणि पुढं ऐकायला सावरून बसल्या.

वारणेकाठच्या कनकवाडीत, जैन मंदिराला लागून असलेल्या त्यागी निवासात सकाळी हे बोलणं चाललं होतं. आर्यिका सुव्रतमती माताजी चातुर्मासासाठी तिथं उतरल्या होत्या. पांढरी साडी, शेजारी मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, बसायला एक पाट. एवढाच त्यांचा संसार. दीक्षा घेण्याआधी त्या याच गावात मुलांची पाठशाळा घेत. भरतेश उपाध्ये प्राकृत पहिल्यांदा शिकला तो त्यांच्याकडेच. पुढं तो पुण्याला गेला, तिथून जर्मनीला. आता तो मोठा प्राध्यापक होता आणि स्वस्तिकाच्या इतिहासावरचं त्याचं पुस्तक पूर्ण होत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी गावात कार्यक्रम होता. तरुण मंडळानं पितळेच्या स्वस्तिकाच्या पाट्या घडवून घेतल्या होत्या. त्या भरतेशच्या हस्ते वाटायच्या आणि दारोदार लावायच्या, असं ठरलं होतं. माताजींनी सभेला यावं, आशीर्वाद द्यावा, एवढं मागायला तो आला होता. नमुन्याची एक पाटीही त्यानं बरोबर आणली होती.

पण माताजी पाटीकडं बघायलाच तयार नव्हत्या. त्यांना गोष्ट ऐकायची होती.

‘आणि ती गुप्त मंडळं म्हणालास, ती कसली?’

‘व्हिएन्नात होती, म्युनिकमध्ये होती. बंद खोलीत जमायचे. जुन्या लिपीतली अक्षरं, नक्षत्रं, मंत्र, काय काय चालायचं. आपण एका हरवलेल्या शुद्ध वंशाचे वारस आहोत, असं एकमेकांना सांगायचे. एका मंडळाच्या खुणेत खंजीर होता आणि त्याच्यामागं हे स्वस्तिक.’

‘माणसं कोण होती?’

‘साधीच. वकील, दुकानदार, छापखानेवाले, लष्करातून परतलेले. एखादा सरदारही.’

‘वेडी होती?’

‘नाही.’

‘दुष्ट?’



‘सगळीच होती असं सुरुवातीला तरी म्हणता येत नाही. पहिलं महायुद्ध हरले होते. कशाचा भरवसा राहिला नव्हता. आपण कोण, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.’

‘आत कुणालाही घ्यायचे?’

‘छे. आपल्या अंगात परकं रक्त नाही, असं लिहून द्यावं लागायचं.’

‘रक्त बघून कळतं ते?’

‘नाही. म्हणून तर लिहून घ्यायचे.’

माताजी हसल्या. कोपऱ्यात पूजेचं ताट लावत बसलेल्या राजमतीकाकूही हसल्या. काकू गावातल्याच. माताजींची सगळी व्यवस्था त्या बघत.

‘मग?’

‘मग तसल्याच लोकांच्या ओळखीपाळखीतून ते एका पक्षाच्या झेंड्यावर गेलं. लाल कापड, पांढरं वर्तुळ आणि मधे हे. पुढचं तर जगाला माहीत आहे.’

‘तू सांग.’

भरतेशनं सांगितलं. ज्यूंची दुकानं कशी फोडली, त्यांच्या कपड्यांवर पिवळा तारा कसा शिवायला लावला, आगगाड्या भरभरून त्यांना कुठं नेलं. लहान मुलांचंही सांगितलं. राजमतीकाकूंचे ताटावरचे हात थांबले.



‘तू तिथं राहत होतास,’ माताजी म्हणाल्या. ‘तुला भेटलं का कुणी त्यातून वाचलेलं?’

‘एक आजी होती. मी भाड्यानं राहायचो त्याच्या वरच्या मजल्यावर. दिवाळीला मी दारापुढं रांगोळी घातली आणि मधे स्वस्तिक काढलं. ती बाजारातून आली, पायऱ्या चढून माझ्या दारापर्यंत आली आणि तिथंच कठडा धरून उभी राहिली. मी तिला समजावलं. हे आमचं आहे, हजारो वर्षांचं आहे, शुभ आहे, त्यांचं वेगळं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तुम्ही म्हणता ते खरं असेल, म्हणाली. पण पुढं पाऊल टाकेना.’

‘मग?’

‘मला फार लागलं ते. आपल्या इतक्या पवित्र गोष्टीची ही दशा. पुस्तक लिहायचं मी त्याच दिवशी ठरवलं.’

‘आणि ती वर कशी गेली?’

‘कोण?’

‘आजी.’

 ते भरतेशला माहीत नव्हतं. तो आत जाऊन लिहायला बसला होता.

माताजींनी तो विषय तिथंच सोडला.

‘बरं, पुस्तकात शेवटी काय म्हटलंयस?’

आता भरतेश खुलला. शेवटचं प्रकरण त्याला तोंडपाठ होतं.

‘हेच, की चिन्ह शुद्ध होतं. त्यात नरक घातला तो त्यांनी. आणि आपण तो काढून टाकला पाहिजे. चिन्ह परत घेतलं पाहिजे. उद्याचा कार्यक्रम त्याचीच सुरुवात आहे, माताजी.’

‘नरक त्यांनी घातला?’

‘हो.’

‘राजमतीबाई,’ माताजी म्हणाल्या, ‘ते ताट इकडं आणा बरं.’

काकूंनी ताट आणून दोघांच्या मधे ठेवलं. ताटात केशर-चंदनानं स्वस्तिक रेखलेलं होतं. अजून ओलं होतं.

‘पाठशाळेत शिकवलं होतं मी. चार भुजा कशाच्या?’

‘चार गतींच्या,’ भरतेश लगेच म्हणाला. ‘जीव ज्यांतून फिरत राहतो त्या. देव, मनुष्य, तिर्यंच म्हणजे पशुपक्षी वगैरे, आणि...’

तो अडखळला.

‘आणि?’

‘नरक.’

‘म्हणजे होताच.’

‘होता... पण तो अर्थ निराळा, माताजी.’

‘असेल. दाखव मला. देवगती कुठली?’

‘ही वरची.’

‘मनुष्य?’

‘उजवीकडची. तिर्यंच डावीकडची.’

‘आणि नरक?’

‘ही. खालची.’ त्यानं आपल्या पुढ्यातल्या भुजेकडं बोट केलं.

‘ऊठ,’ माताजी म्हणाल्या. ‘तिकडं भिंतीकडं जाऊन बस. ताटाच्या पलीकडं.’

भरतेशला गंमत वाटली. लहानपणीही त्या असंच उठवून बसवायच्या. तो उठला, ताटाला वळसा घालून भिंतीकडं गेला आणि मांडी घालून बसला.

‘आता सांग. देवगती कुठली?’

‘वरची. ही...’

बोट अर्ध्यात राहिलं. घटकेपूर्वी ज्या भुजेला त्यानं नरक म्हटलं होतं, तीच ती होती.

‘नरक?’

‘खालची. माझ्या पुढ्यातली.’

‘मघाशी कुठली होती ती?’

‘देवगती.’

‘चंदनात काही बदललं?’

‘नाही.’

‘परत उठायचंय?’

‘नको, माताजी. कुठंही बसलो तरी नरकाची भुजा माझ्याच पुढ्यात येणार.’

 बाहेर मंदिराच्या आवारात कुणी झाडलोट करत होतं.

मग भरतेश हळूच म्हणाला, ‘म्हणजे त्या लोकांचा दोष नाही, असं म्हणता तुम्ही?’

‘कुठं म्हटलं मी तसं? त्यांनी केलं ते त्यांनीच केलं. चिन्हानं नाही केलं.’ त्या थांबल्या. ‘चिन्हानं त्यांना अडवलंही नाही, एवढंच.’



‘या तुझ्या पाट्या,’ माताजींनी विचारलं, ‘कुठं लावणार?’

‘दारांवर. दाराच्या फळीवर, मधोमध. दार लावलं की लांबून दिसावी अशी.’

‘कुणाच्या दारांवर?’

‘गावातल्या सगळ्या...’ तो म्हणाला, ‘सगळ्या आपल्या घरांवर.’

‘आपल्या म्हणजे?’

सोपा प्रश्न होता. भरतेश उत्तर द्यायला लागला. आपली जैनांची घरं. लिंगायतांची, मराठ्यांची, तीही आपलीच. मग त्याच्या डोळ्यांपुढं त्याची स्वतःची गल्ली आली. त्याच्या घराच्या भिंतीला भिंत लागून उस्मान मुजावरचं घर होतं. दोघं एका बाकावर बसून शिकलेले. मंडळानं घरांची मोजदाद केली तेव्हा ते घर त्यात धरलं नव्हतं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. भरतेशलाही नाही.

‘उस्मानला हवीच असेल असंही नाही,’ तो म्हणाला. पण कुणाला उद्देशून म्हणाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

‘त्याला विचारलंत?’

‘नाही.’

माताजींनी पिंछी उचलली.

‘उद्या मी येणार नाही. तुला काय बोलायचं ते तू बघ.’

‘मी न बोलावं असं वाटतं का तुम्हाला?’

‘मला तुझी गोष्ट आवडली,’ माताजी म्हणाल्या. ‘अजून पूर्ण झाली नाही, असं वाटलं.’

आहाराची वेळ झाली होती. भरतेशनं ‘वंदामि’ म्हणून हात जोडले आणि तो निघाला. नमुन्याची पाटी काखेत धरून, गल्लीतून खाली मान घालून गेला.

दुसऱ्या दिवशी सभा झाली. मंडप भरला होता. मंडळाचे अध्यक्ष बाळगोंडा पाटील यांनी भरतेशची ओळख करून दिली, फेटा बांधला. भरतेश माइकपुढं उभा राहिला. लिहून आणलेलं भाषण त्यानं खिशातच ठेवलं आणि त्या जर्मन आजीची गोष्ट सांगितली. पुस्तकात ती गोष्ट नव्हती. मग म्हणाला, ‘पाट्या सुंदर आहेत. पण आपण त्या ओळीनं दारांवर लावल्या, तर ज्या दारावर पाटी नाही ते दार आपणच दाखवून दिल्यासारखं होईल. माझी विनंती आहे, देवघरात ठेवा. दारावर नको.’

मंडपात चुळबुळ झाली. काही जणांनी माना हलवल्या. बाळगोंडा पाटलांनी माइक घेतला. ते रागावले नव्हते. ‘सर शिकलेले आहेत, त्यांना परदेशातल्या गोष्टी ठाऊक,’ ते म्हणाले. ‘आपल्या गावात तसं काही नाही. आपण आनंदानं लावू.’

टाळ्या झाल्या. पाट्या वाटल्या गेल्या.

दुपारी भरतेश त्यागी निवासात आला तेव्हा त्याच्या डोक्याला फेटा नव्हता. राजमतीकाकूंनी पाणी पुढं केलं, ते तो प्यायला नाही.

‘काय झालं?’ माताजींनी विचारलं.

‘लागल्या पाट्या. जवळजवळ सगळीकडं. तीनचार घरांनी आत ठेवल्यात म्हणे.’

‘बरं.’

‘मी मंडपात होतो तोवर पोरं येऊन माझ्याही दारावर ठोकून गेली. चार खिळे मारलेत. आईही मंडपातच होती, घरात कुणी नव्हतं.’

माताजी ऐकत होत्या.

‘मी गल्लीत शिरलो. सगळी दारं चकचकत होती आणि मधे उस्मानचं एकच तेवढं नुसतं लाकडाचं. तो पायरीवर बसला होता. मला म्हणाला, सर, आता पाहुण्यांना आमचं घर सांगायला सोपं झालं. पाटी नसलेलं.’

‘हसत म्हणाला?’

‘हसत म्हणाला.’

‘तू काय म्हणालास?’

‘काही सुचलं नाही. उभा राहिलो. मग त्याच्या शेजारी पायरीवर बसलो जरा वेळ.  मग उठलो आणि इकडं आलो.’

माताजींनी मान हलवली. तेवढ्यानं भरतेशचा श्वास जरा मोकळा झाल्यासारखा दिसला. पण लगेच त्याची अस्वस्थता परत आली.

‘मी पाटी काढली तर गाव म्हणणार, ह्यानं स्वस्तिक उपटून टाकलं. आईच्या जिवाला ते लागेल. ठेवली तर रोज सकाळी उस्मान ती बघणार. रात्रंदिवस पुस्तकं वाचली मी ह्या एका चिन्हावर. जगभरची माणसं मला त्याचा अर्थ विचारतात. आणि माझ्या दारावरच्या पाटीचं काय करायचं ते मला कळत नाही.’

त्यानं हात जोडले.

‘तुम्ही सांगा. काढू की ठेवू?’



‘पाटी लागली तर लागली,’ त्या म्हणाल्या. ‘दार लावू नकोस.’