दोन धोंडिबा

"...पण बुवा, कोणता धोंडिबा?"

अमृतबुवा मठाच्या अंगणात उन्हाला पाठ देऊन बसले होते. त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"कसला कोणता?"

"काल कीर्तन संपल्यावर तुम्हीच सगळ्या गावासमोर सांगितलंत, माझ्यामागं मठ धोंडिबा बघेल म्हणून. आता जो भेटतो तो मला विचारतो, कोणता धोंडिबा? मी काय सांगू?"

"सांग, बुवांनाही ठाऊक नाही."

मठात धोंडिबा दोन होते. खरं तर हे काही भांडून मिळवावं असं नाव नव्हे. पण विचारणारा थोरला धोंडिबा आज त्याच्यावर हक्क सांगायलाच आला होता. मिसरूड फुटायच्या आधी तो घर सोडून इथं आला. पोथी वाचायची त्यानं, आरती म्हणायची त्यानं, बुवांचे पाय चेपायचे त्यानं. आणि धाकटा आला तो परवापरवा. कीर्तनात पहिल्या अभंगाला त्याचा डोळा लागे आणि प्रसाद वाटायला घेतला की आपोआप उघडे.

गावानं आपल्या सोयीसाठी थोरला-धाकटा करून घेतलं होतं. बुवा मात्र दोघांनाही नुसतं धोंडिबा म्हणत. एक हाक मारली की दोघं धावत यायचे, आणि बुवा दोघांकडेही सारख्याच कौतुकानं बघायचे. थोरल्याच्या पोटात दुखायचं ते इथंच.

मठ त्याला हवा होता अशातला भाग नाही. गळकं छप्पर आणि दोन भाकड गायी, हव्यात कुणाला? बुवांनी एकदा त्याच्याकडे बोट दाखवून 'हा माझा' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी जीव तुटत होता बिचाऱ्याचा.

"बुवा, त्याचं नाव बदला," तो म्हणाला. "मठात आल्यावर नवं नाव देतातच की."

"म्हणजे माझ्या हाकेला एकानंच यावं..."

"हो."

बुवांनी आता डोळे उघडले.

"बरं, बदलू. पण नाव तू ठेव."

"मी?"

"बारशाला आत्या ठेवते ना? तू त्याची आत्या हो. कानात सांग. मग मठात धोंडिबा एकच उरेल. गावाला वेगळं काही सांगायलाच नको."

थोरल्याला आनंद लपवता येईना. नाव तर त्यानं केव्हाच योजून ठेवलं होतं... शांतानंद. झोपाळू माणसाला याहून शोभेल असं दुसरं कुठलं?

त्यानं गोठ्याकडे तोंड करून हाक मारली. धाकटा शेणाचे हात धुऊन पळत आला. थोरल्यानं त्याला सगळं समजावून सांगितलं. ऐकता ऐकता धाकट्याचा चेहरा उतरला, पण त्यानं नाही म्हटलं नाही.

"तुमी थोरलं हाय, दादा. तुमी ठिवाल ते नाव. फकस्त..."

"काय फकस्त?"

"काय न्हाई."

"अरे, बोल की."

"माज्या आदीची तिगं पाळन्यातच गेली. म्हनून आयनं मला धोंडिबा म्हटलं. धोंडा कोन उचलून न्हेतंय, म्हनायची. जाताना बी सांगून गेली, ह्ये नाव टाकू नगंस बाबा, त्येनंच तुला राखलंय..."

थोरल्यानं चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"पर बुवांच्या दारात काळ कशाला येतोय?" धाकटाच घाईघाईनं म्हणाला. "तुमी सांगा नाव."

तो मांडी घालून खाली बसला. डोळे मिटले आणि कान पुढं केला.

थोरल्याची आईही हेच म्हणायची. त्याच्या आधी दोन बहिणी जन्मल्या आणि गेल्या होत्या. त्याला ताप भरला की आई उशाशी बसून मोठमोठ्यानं धोंडिबा, धोंडिबा करायची. न्यायला आलेल्याला ऐकू जावं आणि त्यानं दारातूनच मागं फिरावं म्हणून. शाळेत या नावाची त्याला लाज वाटायची, तेव्हा तिनं त्याला जवळ घेऊन सारं सांगितलं होतं. इतक्या वर्षांत त्याला त्याची कधी आठवण झाली नव्हती.

त्यानं खाली पाहिलं. धाकट्याच्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. घाबरला होता तो. आणि तरीही थोरल्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून कान पुढं करून बसला होता.

थोरल्याला स्वतःची लाज वाटली आणि डोळे भरून आले. तो वाकला, ओठ धाकट्याच्या कानाशी नेले.

मग 'कुर्रर्र' केलं आणि हळूच नाव सांगितलं.

धाकट्यानं एकदम डोळे उघडले. त्यानं थोरल्याचा हातच घट्ट धरला.

बारशात आत्यानं कानात नाव सांगितलं की बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. अमृतबुवा गुडघ्यांवर हात टेकत उठले, मागून आले आणि त्यांनी थोरल्याच्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की तो कळवळला.

"काय ठेवलं नाव, आत्याबाई?"

"धोंडिबा."

"आणि गावाला रे काय सांगायचं?"

"तुम्ही सांगितलंत तेच," थोरला म्हणाला. "धोंडिबा बघेल."

बुवांनी त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही. तसाच फिरवत राहिले.

"इतके दिवस मठात एकच धोंडिबा होता," ते म्हणाले. "आज हा दुसरा आला."