उकलता येणारा रस्ता

एकदा एक वृद्ध स्थपती एका खिंडीच्या पायथ्याशी राहत असत. रस्ते, पूल आणि लोहमार्ग बांधण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. सारा मुलूख त्यांना तात्या म्हणत असे. त्यांच्याजवळ शिकलेल्यांपैकी दोघे विशेष गुणी होते, विश्राम आणि कमळजा.

खिंडीतला रस्ता बांधायचा ठरला तेव्हा तात्यांनी खालचा निम्मा भाग विश्रामला दिला आणि वरचा कमळजाला. कमळजाचे काम आधी पुरे झाले. तात्या तिच्या रस्त्यावरून एकदा चालत आले आणि विश्रामच्या देखत म्हणाले, "फार विचाराने केले आहे पोरीने."

एवढेच वाक्य. पण ते विश्रामच्या मनात रुतून बसले. त्याचे काम तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. थरावर थर अंथरण्याची ठरलेली रचना त्याने बदलली. दगड, लोखंडी सळया, सिमेंट, सारे एकत्र करून त्याने एकच जाडजूड थर ओतला. कमळजाच्या रस्त्यापेक्षा आपला टणक ठरला पाहिजे, एवढाच विचार त्याच्या मनात होता. तो टणक झालाही. मात्र तात्यांनी त्याबद्दल चांगलेही म्हटले नाही आणि वाईटही.

पंधरा वर्षे गेली. विश्रामने अनेक कामे केली, नाव मिळवले. तरी कुणी कमळजाची स्तुती केली की त्याचा घास कडू होई. तिच्या पुलाला भेग पडल्याचे ऐकले त्या रात्री त्याला शांत झोप लागली होती, आणि हे त्याने कुणालाही सांगितले नव्हते.

मग खिंडीतून रेल्वे नेण्याचे ठरले. रुळांना जुन्या रस्त्याचीच जागा हवी होती. रस्ता उचलून वरच्या अंगाला नव्याने बांधायचा होता. देखरेख तात्यांकडे आली. त्यांनी दोघांना बोलावले.

"डोंगरातली दगडाची खाण आता उघडायची नाही," ते म्हणाले. "मागच्या खोदकामात खालच्या वाडीचा झरा अर्धा आटला. बायका दोन कोसांवरून पाणी आणतात. जुन्या रस्त्यातून जे निघेल, त्यातूनच नवा रस्ता होईल. विश्राम, तू कमळजाचा भाग उचल. कमळजा, तू त्याचा."

ज्याने बांधले त्यालाच ते उकलायला का दिले नाही, हे कुणाला कळेना. विश्रामने विचारले नाही. उलट त्याला आनंदच झाला. तिच्या कामातले दोष आता आपल्या हातांनी उघडे पडतील, असे त्याला वाटले.

पहिल्या दिवशी त्याने मुद्दाम स्वतः पहार घेतली. वरचा डांबराचा थर सालीसारखा सुटून आला. तो तापवून पुन्हा वापरण्याजोगा होता. त्याखाली खडी, खडीखाली मुरूम, मुरुमाखाली मोठे दगड. प्रत्येक थर आपापल्या जागी, दुसऱ्यात न मिसळलेला. पाणी जाण्याच्या मोऱ्यांवर तिने जुन्या लोहमार्गाचे टाकून दिलेले रूळ तुळयांसारखे घातले होते. ते जोडलेले नव्हते, नुसते खाचेत बसवले होते. चार माणसांनी उचलले की निघत. विश्राम दोष शोधत राहिला. एके ठिकाणी गटार उथळ निघाले, तेवढेच. अठराव्या दिवशी त्याच्या वाट्याचा भाग पूर्ण उचलला गेला आणि रस्त्याच्या कडेला सामानाचे स्वच्छ, वेगवेगळे ढीग उभे राहिले.

तो खाली गेला. कमळजाचे काम अजून चौथाईसुद्धा झाले नव्हते. माणसे घणांनी तो जाड थर फोडत होती. निघत होते ते दगड, सिमेंट आणि वाकड्या सळया यांचे एकमेकांना चिकटलेले गठ्ठे. कमळजाच्या तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"तुझा रस्ता सुटत नाही रे," ती म्हणाली. "फार घट्ट केलास."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर विश्रामला उत्तर देता आले असते.

तिचेही काम उरकल्यावर मोजदाद झाली. नव्या रस्त्याला मैलभर पुरेल इतका दगड कमी पडत होता. खाण पुन्हा उघडावी लागणार, असे मुकादम म्हणाला. वाडीतून आलेल्या दोन बायका ते ऐकून आपले हंडे उचलून निघून गेल्या.

विश्राम तात्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. "तात्या, तुम्हाला हे तेव्हाच माहीत होते. मला सांगितले का नाही?"

"तेव्हा तू ऐकले असतेस?"

विश्राम उंबरठ्यावर बसला.

"तुझा रस्ता वाईट नव्हता," तात्या म्हणाले. "पंधरा वर्षांत त्याला तडा गेला नाही. पण तो बांधताना तुझ्या डोळ्यांसमोर कमळजा होती. कमळजाच्या डोळ्यांसमोर एक दिवस तिचा रस्ता उकलणारा माणूस होता. तो कोण असेल हे तिला ठाऊक नव्हते. तरी त्याचे हात सोलू नयेत, त्याला पुन्हा डोंगर फोडावा लागू नये, म्हणून तिने प्रत्येक थर सुटा ठेवला. तो माणूस तू निघालास."

विश्रामने मनात ढिगांचा हिशेब मांडला. मग म्हणाला, "माझे गठ्ठे बारीक फोडले तर सर्वांत खालच्या थराला चालतील. वरच्या थरांसाठी तिचा दगड पुरेल. खाण उघडावी लागणार नाही."

"वेळ लागेल."

"लागू दे. फोडणारा मीच आहे."

त्या हिवाळ्यात सकाळी लवकर येऊन त्याने घण चालवला. हेवा एकदम गेला नाही. कमळजा जवळून गेली की कधी कधी अजूनही मनात काही खुपे. पण नव्या रस्त्याची आखणी झाली त्या दिवशी तो आपण होऊन तिच्याकडे गेला.

"खाचेत रूळ कसे बसवतेस, ते मला दाखव," तो म्हणाला.

कमळजाने त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि बाजूला सरकून त्याला जागा करून दिली.